पाळकसरांचा होकार

सर कुणाच्याही घरून निघताना 'येतो' म्हणत नसत. 'जातो' म्हणत. आमच्याकडं कुणी 'जातो' म्हटलं की बायका ते अशुभ धरतात. माझ्या आईनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हातातलं काम टाकून बाहेर आली आणि तिनं सरांना उंबऱ्यातच अडवलं. सर, जातो म्हणू नये, येतो म्हणावं, अशी तिनं त्यांची समजूत घातली. सरांनी चपलेत घातलेला पाय परत बाहेर काढला, नीट उभे राहिले आणि म्हणाले, "आक्का, मी परत येईन का न्हाई, ते मला ठावं न्हाई. आता जायलोय, येवढं मातर नक्की हाय." असली माणसं घरी आणत जाऊ नकोस म्हणून आई पुढं आठ दिवस माझ्याशी भांडत होती.

मी चौसाळ्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो तेव्हा ते तिथं गणित शिकवत होते. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. उंच, वाळलेले, शर्टाचं गळ्याशेजारचं बटणसुद्धा लावलेलं. शाळेत सगळे त्यांना पाळकसर म्हणत. गावाबाहेरच्या वस्तीवर पत्र्याचं एक चर्च होतं आणि तिथं रविवारची उपासना तेच चालवायचे. त्यांच्या पंथात पगारी पाळक नसतो, मंडळीतलाच एखादा जाणता माणूस सगळं बघतो. ही मंडळी म्हणजे मोजून तेवीस माणसं. आम्ही लिंगायत वाणी, गावात तीन पिढ्यांचं किराणा दुकान, त्यामुळं ते मला आप्पा म्हणायचे. मी धर्माच्या बाबतीत सणावारापुरता. तरी या माणसाशी माझं का जमलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मी बोलतो फार आणि त्यातलं निम्मं वाढवून बोलतो. त्यांना कदाचित माझी दया येत असेल.

त्यांच्या वर्गात 'साधारण' आणि 'अंदाजे' हे शब्द चालत नसत. कुणी म्हटलं की सर, साधारण चाळीस, तर ते म्हणायचे, साधारण बाजारात, हितं किती ते सांग. एकदा शाळेची तपासणी होती. प्रयोगशाळा रोज उघडते असं सगळ्यांनी सांगायचं, हे आदल्या दिवशी हेडमास्तरांनी दोनदा बजावलं होतं. साहेबांनी नेमकं पाळकसरांनाच विचारलं. सर म्हणाले, "आज उघडली. ह्याच्या आधी गणपतीच्या सुट्टीअगोदर उघडलती." हेडमास्तर पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. ते बोलत नाहीत हे सरांच्या ध्यानात यायला तीन महिने लागले.

दुसरं म्हणजे सांडण्याचा राग. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो आणि टँकर आला की धावपळीत पाणी सांडतंच. सर कुणाच्याही घागरीपाशी जाऊन नळी हलवायचे, कुणाच्याही दारातला नळ बंद करायचे. बायका वैतागायच्या. ते एवढंच म्हणायचे, "सांडलं ते कुणाचंच न्हाई." घरी चहा दोन माणसांचा म्हणजे दोनच कप, भांड्यात घोट उरत नसे. तिसरा माणूस आला तर तेच उठून नव्यानं आधण ठेवत. आमच्या दुकानात तराजूचा काटा बरोबर झाला की वर चिमूटभर टाकायची आजोबांपासूनची पद्धत आहे. सरांनी एकदा ती चिमूट परत पोत्यात टाकायला लावली. वडील म्हणाले, हा माणूस वाणी झाला असता तर पंधरा दिवसांत दुकान बसलं असतं.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या धर्मात आहे, हे मला फार उशिरा कळलं. माझी समजूत अशी की येशू सगळ्यांच्या पापांसाठी मेला, संपला विषय. एका दुपारी व्हरांड्यात मी ते सहज बोलून गेलो. सरांनी खिशातला खडू काढला आणि फरशीवर शंभरचा आकडा लिहिला.

"समजा, शंभर माणसं बुडायलेत," ते म्हणाले. "एकानं सोताचा जीव देऊन त्यान्ला काढायचं ठरिवलं. पन्नास निघाले, पन्नास बुडाले. मंग त्या पन्नासांसाठी दिलेला जीव कुठं गेला?"

मी म्हणालो, त्यानं दोर टाकला होता, त्यांनी धरला नाही, त्याला तो काय करणार.

"मंग त्यानं जीव दिला न्हाई, नुसता दोर टाकला."

त्यांचं म्हणणं असं होतं की तारण मिळण्याची नुसती सोय करून ठेवायला कुणी वधस्तंभावर चढत नाही. तो ज्यांच्यासाठी मेला ते वाचलेच, त्यातला एकही कमी होणार नाही. पण तो सगळ्यांसाठी मेलेला नाही. ज्यांना देवानं आधीच निवडलं, त्यांच्यासाठी मेला. त्याच्या रक्ताचा एक थेंब वाया गेला असं म्हणायची सरांची तयारी नव्हती, आणि सगळ्यांसाठी म्हटलं की अर्धं रक्त वाया गेलं असं म्हणावं लागत होतं. मी विचारलं, मग निवडलेले कोण? ते म्हणाले, त्यालाच ठावं. मी विचारलं, तुम्ही त्यात आहात का? ते म्हणाले, "मला काय ठावं, आप्पा. ज्याला आपल्या पापाचा पस्तावा होतो त्यानं आशा धरावी. तेवढी एकच खूण हाय." मग त्यांनी रुमालानं फरशीवरचा आकडा पुसला आणि तासाला गेले.

एकदा पुण्याकडचा एक प्रचारक लाऊडस्पीकर घेऊन आला. वस्तीपुढच्या मैदानात मांडव पडला. येशू सगळ्यांसाठी मेला, या गावातल्या प्रत्येक माणसासाठी मेला, असं तो गळ्याच्या शिरा ताणून सांगत होता. सर पहिल्या रांगेतून उठले आणि गणित चुकतंय म्हणाले. प्रचारक हसला. म्हणाला, मास्तर, देवाची कृपा म्हणजे समुद्र, समुद्राचं पाणी मोजायला निघालात काय? सर म्हणाले, "आमच्याकडं समुद्र न्हाई. आमच्याकडं टँकर हाय." लोक हसले, मीही हसलो. सर विनोद करत नव्हते, हे मांडवात फक्त त्यांच्या बायकोला कळलं असावं. ती पदर तोंडाला लावून खाली बघत बसली होती.

आता काकूंबद्दल, म्हणजे सरांच्या बायकोबद्दल, सांगितलं पाहिजे, कारण माझ्या मनातले सर काकूंशिवाय पुरे होत नाहीत.

मी एकाच रविवारी त्यांच्या उपासनेला गेलो. सर मला ये म्हणून कधीच म्हणाले नव्हते, मीच गेलो. प्रभुभोजन होतं. म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, त्याच्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून. आमच्याकडं द्राक्षरस कुठला, काळ्या मनुका उकळून त्याचं पाणी. सर ते औषधाच्या ड्रॉपरनं छोट्या स्टीलच्या पेल्यांत भरत होते, प्रत्येकात सारखं. भरून झाल्यावर भांडं कोरडं. मला तिथं दुसरा उद्योग नव्हता म्हणून मी माणसं मोजली, मग पेले मोजले. मला सोडून माणसं तेवीस, पेले बावीस. तबक फिरत फिरत शेवटी दाराजवळ बसलेल्या काकूंपुढं आलं, तेव्हा त्यात एकच पेला होता. काकूंनी तो न घेता तबक शेजारच्या म्हातारीकडं सरकवलं. म्हातारीनं पेला उचलला. कुणीही वर पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी काकूंना विचारलं. सर टँकरवर गेले होते. मी नको तिथं नाक खुपसणारा माणूस आहे आणि काकूंना ते चालायचं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सोलता सोलता त्यांनी सगळं सांगितलं.

त्या उमापूरकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्यांचे वडील एका मिशनच्या दवाखान्यात मरता मरता वाचले आणि लेकीला घेऊन बाप्तिस्मा करून आले. थोरला भाऊ मेंढरांमागं राहिला आणि आपल्या देवांपाशीच राहिला. पुढं काकूंचं सरांशी लग्न झालं, एक मुलगी झाली. मुलगी चार वर्षांची असताना तिला ताप आला आणि तो मेंदूत गेला. बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले. सर खाटेशेजारी गुडघे टेकून प्रार्थना करत होते. काकूंनी काय केलं, तर पाणी आणते म्हणून बाहेर पडल्या, मिळेल त्या गाडीनं गेवराई आणि तिथून उमापूर गाठलं आणि शिवेवरच्या मरीआईला बोकड कबूल केला. परत आल्या तेव्हा मुलीनं डोळे उघडले होते. महिन्याभरानं भावाच्या शेळ्यामेंढरांच्या खांडातला बोकड कापला गेला. काकू स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. आणि परत येऊन त्यांनी नवऱ्याला आपण होऊन सांगितलं.

"वरडले का?" मी विचारलं.

"त्येंला कुठं वरडता येतं. येवढंच इचारलं, पस्तावा होतो का म्हणून. म्या म्हणलं, न्हाई होत. लेकरू समोर खेळायलंय, पस्तावा कशाचा करू? दर ऐतवारी देवाला मागते, पस्तावा दे म्हणून. पोरगी दिसली की जातो."

पस्तावा नाही त्याला पेला नाही, असा त्यांच्या मंडळीचा नियम. त्या रविवारपासून सरांनी एक पेला कमी भरायला सुरुवात केली. त्याला एकोणीस वर्षं झाली होती. काकूंनाही ते बरोबरच वाटत होतं. दोघांत या गोष्टीवरून एकदाही भांडण झालं नव्हतं. काकूंना फक्त एक कोडं पडलं होतं, ते त्यांनी मला विचारलं. तिथंही रक्त, इथंही रक्त. बोकड तर भावाचा होता, आपला नव्हे, आणि इथं तर बापानं पोटचा मुलगा दिला. मग इतकं मोठं देणाऱ्यानं एका बोकडाचा राग किती दिवस धरायचा? मी शेंगा सोलू लागलो.

मला वाटतं मी तेव्हा मनातल्या मनात हसलोही असेन. दोन खरं बोलणारी माणसं एका घरात राहिली की काय होतं बघा, असं मी शाळेत रंगवून सांगितलं. त्याची मला आता लाज वाटते.

काकूंना पिशवीचा कॅन्सर निघाला, तो निघाला तेव्हाच पसरलेला होता. आधी बीड, मग लातूर, मग परत बीड, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टर म्हणाले, घरी न्या. मुलगी नाशिकला नर्स होती, ती रजा टाकून आली. आईचं सगळं तीच करायची. दुखणं किती वाढणार, कधी वाढणार, हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं आणि ती ते कुणाला सांगत नव्हती.

काकूंना दुखण्याची भीती नव्हती. त्यांना मेल्यानंतरची भीती होती. आयुष्यभर तेवीसातून वजा होऊन बसलेली बाई, एके दिवशी तिनं नवऱ्याला सरळ विचारलं. त्याचा जीव माझ्यासाठी बी गेला का? होय म्हणा, नाहीतर न्हाई म्हणा. सर म्हणाले, मला ठावं न्हाई.

मुलगी त्यांच्या पाया पडली. पप्पा, एकदा हो म्हणा, तुमचं काय जातं, असं ती रडत रडत म्हणाली. सर म्हणाले, जे उत्तर मला येत न्हाई ते मी कसं लिहू. काकूंनी पुन्हा विचारलं, दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. दर वेळी तेच. बीडहून दुसरा पाळक आणावा असं मी सुचवलं. काकूंनी नको म्हटलं. मग मीच खाटेशेजारी बसून म्हणालो, काकू, मी सांगतो, तो तुमच्यासाठीच मेला. त्या दुखण्यातसुद्धा हसल्या. "आप्पा, तुमी सांगून काय उपेग? तुमी दिसभरात दहा खोटं बोलता. ह्यो माणूस जन्मात खोटं बोलला न्हाई. ह्येनं सांगितलं तरच खरं."

त्याच दिवशी ओट्यावर मी सरांवर घसरलो. वीस वर्षांनी लहान असून जे बोलू नये ते बोललो. तुमचा देव म्हणजे शाळा तपासायला आलेला साहेब आहे का, असं म्हणालो. बायको मरायला टेकली आहे आणि तुम्ही आकडेमोड करताय, म्हणालो. सर भिंतीला टेकून बसले होते. शर्टाची बटणं तशीच गळ्यापर्यंत लावलेली, पण दाढी वाढली होती. ती मी कधी वाढलेली पाहिली नव्हती.

"तो साहेब परवडला," ते म्हणाले. "त्याला खरं ठावं नव्हतं." रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रक गेला. "काल मी तिला म्हणलो, तू येवढं म्हण की पस्तावा झाला. मंग मला हो म्हणायला येतं. ती म्हणली, जे झालं न्हाई ते कसं म्हणू. आप्पा, माझंच मला ऐकवलं तिनं."

म्हणजे त्यांनी तिला खोटं बोलायला सांगून पाहिलं होतं. तो माणूस तिथपर्यंत आला होता आणि मी त्याच्यावर ओरडत होतो. तरीही मी उठून निघून आलो, सहा दिवस गेलो नाही. राग त्यांचा होता की त्या फरशीवरच्या शंभराचा, कुणास ठाऊक.

सातव्या दिवशी मुलीचा फोन आला, ताक घेऊन या, आईला ताकाशिवाय काही जात नाही. दुपारचे दोन वाजले असतील. लाईट गेलेली, पत्रा तापलेला. काकूंचं शरीर चादरीखाली असून नसल्यात जमा होतं. मुलगी कापसानं त्यांचे ओठ ओले करत होती. मी तांब्या कोनाड्यात ठेवला तेवढ्यात सर बाहेरून आत आले. ते नेहमी खुर्ची ओढून बसायचे, त्या दिवशी खाटेच्या कडेवर बसले.

"ऐकायलीस का," ते म्हणाले. "त्यानं तुझ्यासाठी जीव दिला. तुझं नाव त्येच्यात हाय."

मुलीचा हात थांबला. काकूंनी डोळे उघडले.

"खरं?"

"खरं."

"तुमाला कसं कळलं?"

"मला ठावं हाय," सर म्हणाले, आणि भिंतीकडं बघायला लागले.

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस बोलताना कधी भिंतीकडं बघत नव्हता. मला ते कळलं, मुलीलाही कळलं, मग काकूंना कसं कळणार नाही. माझ्या मनात आलं, आता संपलं. ज्या एका माणसाच्या 'हो'ला किंमत होती तो 'हो' आला आणि तो खोटा निघाला. आता या बाईनं कशाच्या जोरावर मरायचं?

"पहिल्यांदाच बोललात," काकू म्हणाल्या. "जमलं न्हाई."

मुलगी म्हणाली, आई, पप्पा खरं सांगतायत. काकूंनी तिला नुसत्या बोटानं गप्प केलं. मग सरांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे वर नुसता हात ठेवला, धरायची ताकद नव्हती.

"देवाच्या नावानं खोटं बोललात," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी बोललात. आता ह्ये तुमी अंगावर घेऊन बसाल, मरस्तोवर जिवाला खात ऱ्हाल. मला ठावं न्हाई का तुमी. तसं करू नका. ह्ये माझ्या अंगावर द्या. म्या तशीबी चाललेच हाय. माझं एक बोकडाचं हायच, त्येच्यात ह्ये बी घेऊन जाते. तुमी मोकळे ऱ्हावा."

सर म्हणाले, "असं देता येत न्हाई."

"कावून? दर ऐतवारी तुमीच तर सांगता, देता येतं म्हणून."

वर्गात, मांडवात, तपासणीत कधी ज्यांना उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं, ते सर खाली बघून बसले. काकूंनी, झालं, घेतलं, असं काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं. मग मुलीकडं वळून ताक मागितलं. दोन चमचे प्यायल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला होता, असं मी म्हणणार नाही, कारण मी वाढवून सांगतो हे मीच कबूल केलं आहे. पण त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

मातीला बीडहून एक पाळक आले. त्यांनी भगिनी प्रभूच्या सान्निध्यात विसावली आहे वगैरे सांगितलं. उमापूरहून काकूंचा भाऊ आला होता, घोंगडी खांद्यावर, तो लांब बाभळीखाली उभा राहिला आणि कुणी बोलावलं तरी जवळ आला नाही. सरांनी मूठभर माती टाकली. पुढच्या रविवारी त्यांनी मंडळीचं काम दुसऱ्या एकाकडं सोपवलं आणि काकू बसायच्या तिथं, दाराजवळ बसायला लागले.

त्यानंतर ते जेमतेम वर्षभर शाळेत होते. शिकवायचे तसंच, चोख. पण फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता मधेच थांबायचे, असं मुलं सांगायची. निवृत्त झाल्यावर मुलीनं त्यांना नाशिकला बोलावलं. सामान बांधायला मी गेलो होतो. सामान म्हणजे दोन ट्रंका आणि एक सतरंजी. काकूंची लुगडी त्यांनी वस्तीवर वाटून टाकली होती.

मला त्यांना काहीतरी बरं वाटेल असं बोलायचं होतं. दीड वर्ष ते माझ्या मनात होतं. मी म्हणालो, सर, तुम्ही हो म्हणालात हे फार चांगलं केलंत. काकू सुटल्या आणि जाताना तुम्हालाही मोकळं करून गेल्या. आता तरी तुम्ही म्हणाल ना, की तो सगळ्यांसाठी मेला?

"ठावं न्हाई," ते म्हणाले. "मोजायचं सोडलं."

ते ट्रंकेवर बसले. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं, तिथं कुणी नवं लावलं नव्हतं.

"आप्पा, तीस वर्षं मी ह्या लोकान्ला सांगत आलो. तुमचं पाप दुसऱ्यानं अंगावर घेतलं, आनंद करा. आनंद करा म्हणायचो. कुणाचा आनंद दिसला न्हाई की चिडायचो. मंग माझं खरंच एका माणसानं अंगावर घेतलं. माझ्या देखत घेतलं." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता, एकसारखा. "आनंद होत न्हाई हो. ज्यानं घेतलं त्याचं तोंड डोळ्यापुढून हालत न्हाई. मी रोज तिला म्हणतो, माझं मला परत दे. ती देत न्हाई."